लाजरा बगळा

यशोधन गायधनीचा आवाज रंगपंचमीला जो गेला, तो शनिवार मावळला तरी घरी परतला नव्हता. काढे झाले, हळद घातलेलं दूध झालं, ज्येष्ठमध चघळून दातांना कंटाळा आला. पण गळ्यातून निघायची ती फक्त हवा. रुसून माहेरी गेलेली बायको परवडली, निदान ती फोनवर भांडते तरी. हा आवाज तेवढंही करेना.

दोष रहाडीचा होता. रहाड म्हणजे जुन्या नाशकातला पेशव्यांच्या वेळचा दगडी हौद. वर्षभर तो रस्त्याखाली, मातीखाली गपगार झोपलेला असतो. रंगपंचमीला त्याला उठवायचं, पूजा करायची, काठोकाठ रंगानं भरायचा आणि धबाधब उड्या मारायच्या. यशोधन राहायला गंगापूर रोडला होता, पण गायधनींचं मूळ घाटावरचं. त्यामुळे रहाड चुकवणं त्याला जमत नसे. यंदा तो संध्याकाळी उशिरा घरी आला, तो ओलाकच्च, कुडकुडत आणि मुका.

आणि रविवारी सायखेड्याची सहल होती.

यशोधन आणि संपदा मिळून 'पाऊलवाट' चालवत. शहरातली मुलं-माणसं नदीकाठी, माळावर न्यायची. झाड, पाखरू, किडा-मुंगी दाखवायची. उन्हं तापायच्या आत परत आणायची. कामाची वाटणी ठरलेली होती. यशोधन पुढे, दुर्बीण घेऊन, बोलत. संपदा मागे, पोह्यांचा डबा आणि औषधाची पेटी घेऊन, माणसं मोजत. रांगेच्या शेवटी चालणाऱ्याला पक्षी दिसत नाहीत, पाठी दिसतात. संपदाला नाशकातल्या निम्म्या पक्षिप्रेमींच्या पाठी पाठ होत्या. एकदा तरी पुढे चालावं, असं तिच्या मनात फार दिवस होतं. पण ते तिनं पोह्यांच्या डब्यासारखं झाकण लावून ठेवलं होतं.

"रद्द करूया का?" तिनं विचारलं.

यशोधननं जोरजोरात मान हलवली. या सहलीला छाया मॅडम येणार होत्या. त्या गंगापूर रोडवरच्या एका शाळेत शिक्षिका. शाळेच्या वर्षभराच्या सहली 'पाऊलवाट'ला द्यायच्या की नाही, हे त्या स्वतः बघून ठरवणार होत्या.

"तू ने," तो घोगरा कुजबुजला.

"मी? आणि कुणी काही विचारलं तर?"

"सांगायचं."

"नाही आलं तर?"

यशोधननं तिला जवळ बोलावलं आणि कानात घराण्याचा मंत्र दिल्यासारखा तो नियम दिला. "'माहीत नाही' असं म्हणायचं नाही. कधीच नाही. माझे आजोबा घाटावर यजमानांना देवळं दाखवायचे. एवढ्या यजमानांनी एवढे प्रश्न विचारले, पण आजोबा एकदाही 'माहीत नाही' म्हणाले नाहीत. पाहुणा दुरून येतो गं. रिकाम्या हातानं पाठवू नये."

एवढं बोलून त्याचा उरलासुरला आवाजही गेला.

*

सकाळी सायखेड्याला गोदावरी अशी पसरली होती, की जणू रात्रभर कुणी दळण दळलं आणि पिठूर धुकं पाण्यावर सांडून ठेवलं. संपदा पुढे होती. डोळ्यांपुढे आज पाठ नव्हती, नदी होती. खंड्या दिसला, वेडा राघू दिसला, शेकाट्या आपल्या लांबलचक पायांवर परीटघडीचे कपडे सांभाळत चालल्यासारखा चालला. हळदीकुंकू बदक तर नावानंच लोकांना आवडलं.

"याच्या चोचीला बघा, पिवळं आणि लाल. हळद आणि कुंकू," संपदा म्हणाली. छाया मॅडमनी मान डोलावली. त्यांची मुलगी सृष्टी मात्र नुसती मान डोलावणाऱ्यांतली नव्हती. ती तिसरीत होती आणि प्रश्नांना तिच्याकडे रविवारची सुट्टी नसे.

"कुंकू लावलं म्हणजे लग्न झालंय का त्याचं?"

"सगळ्यांनाच असतं ते," संपदा म्हणाली आणि पुढे सटकली.

नदीच्या वरच्या अंगाला अंबूबाईचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, बीट, कडेला झेंडू. यशोधनची सहल नेहमी तिच्या बांधावरून जायची आणि तिच्याकडचा चहा पिऊन परतायची. सगळे बांधावर चढले आणि सृष्टी ओरडली, "मावशी, तो बघा! तो गुलाबी!"

बिटाच्या वाफ्यात एक बगळा उभा होता. डोकं पांढरं, चोच पिवळी आणि मानेपासून खाली अख्खा गुलाबी. फिका नाही, चांगला लग्नाच्या मांडवात मिरवावा असा गुलाबी. एक पाय पोटाशी घेऊन, मान खाली घालून तो उभा होता.

माणसांनी आधी बगळ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी एकदम संपदाकडे पाहिलं.

संपदानं आठवून पाहिलं. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, गुलाबी असतो, पण त्याचे पाय ताडमाड. हा बुटका. पुस्तकातली पानं तिच्या डोळ्यांपुढून सरसर गेली आणि एकाही पानावर हा नव्हता.

"कोणता आहे मावशी?" सृष्टीनं विचारलं.

छाया मॅडमही वाट पाहत होत्या. यशोधनचे आजोबाही कुठूनतरी वाट पाहत असावेत.

"हा…" संपदा म्हणाली. बगळ्यानं मान आणखी खाली घातली. "हा लाजरा बगळा."

बदकाला हळदीकुंकू लावणाऱ्या भाषेत हे नाव इतकं सहज बसलं, की ते आपण आत्ता जन्माला घातलं हे क्षणभर तिलाही खरं वाटेना.

"का लाजतो?"

"माणसं बघून."

"मग आपण नसताना पांढरा असतो?"

ही पोर वकील होणार, असं संपदाच्या मनात आलं. प्रश्नाला उत्तर नसलं की गाणं म्हणावं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं होतं. तिनं दळणाच्या चालीवर धरलं:

"नदीच्या गं काठी, बगळा उभा एका पायी
माणूस पाहता गं, गुलाबी झाला बाई."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. छाया मॅडमनी ओवीसकट सगळं मोबाईलवर टिपलं. अंबूबाई तेवढी डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "लाजरा का काय ते मला नाय ठावं ताई. पर चार रोज झालं, माझ्या बिटातच फिरतंय. बीट खाल्लं आसंल त्यानं. माझ्या नातवाला बी आसंच झालं व्हतं."

"नातू गुलाबी झाला होता?"

"समदाच नाय," अंबूबाई म्हणाली.

*

संपदा घरी पोचायच्या आधीच छाया मॅडमचा व्हिडिओ पोचला होता. यशोधन सोफ्यावर गळ्याला मफलर गुंडाळून बसला होता आणि मोबाईलमधल्या बगळ्याकडे टक लावून बघत होता. संपदानं चपला काढता काढता ठरवलं होतं, आल्या आल्या सांगून टाकायचं: नाव माझं, ओवी माझी, पक्षी कोणता ते तू बघ. तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात यशोधननं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, मग निवलं. त्यानं तिच्या उन्हानं लाल झालेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूच हसला.

"लाजरा बगळा," तो कुजबुजला. "हा मी पाहिलाय."

संपदाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "काय पाहिलायस?"

"हाच."

"कुठे?"

"नदीवर. अगदी जवळून."

"हो का!" संपदा समोर बसली. "कसा असतो जवळून?"

"थरथरत होता," यशोधन म्हणाला. मग विचार करून, "चोच फार जोरात मारतो."

संपदा उठून स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा नळ उगाचच सोडून उभी राहिली. जो पक्षी तिनं त्या सकाळी बांधावर उभ्या उभ्या पैदा केला, तो तिच्या नवऱ्यानं पाहिला होता. वर त्याच्या चोचीचा मारही खाल्ला होता!

संशय ही उंदरासारखी गोष्ट आहे. एक घरात शिरला की पोतं न पोतं कुरतडतो. इतकी वर्षं यशोधन बोट दाखवायचा, "तो बघ, गेला!" आणि पाहुणे "अरे वा!" म्हणायचे. किती पक्षी खरंच गेले होते? लग्नाआधी त्यानं तिला गंगापूर धरणावर नेलं होतं आणि झाडीत बोट दाखवून म्हणाला होता, "स्वर्गीय नर्तक! ती बघ, पांढरी शेपटी!" संपदाला तेव्हा फक्त पानं हलताना दिसली होती. पण त्याचे डोळे असे चमकले होते, की तिनं शेपटीवर विश्वास ठेवला आणि महिन्याभरात होकार दिला. म्हणजे आपला संसार नेमका कशावर उभा आहे? शेपटीवर, की नुसत्या हललेल्या पानांवर?

तिनं नळ बंद केला. खरं सांगायचं तिनं आता लांबणीवर टाकलं. हा माणूस कुठवर जातो, ते तिला बघायचं होतं.

तो फार लांब गेला नाही. बाकीचे गेले.

दुपारी दिवाकर सरांचा फोन आला. दिवाकर सर म्हणजे नाशिकच्या पक्षिमित्रांतले भीष्म. कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून पाखरांनाही त्यांच्या परवानगीशिवाय अंडी घालायची भीती वाटे.

"संपदा, शाब्बास! लाजरा बगळा पुन्हा दिसला म्हणायचा!"

"पुन्हा?" संपदानं खुर्ची ओढली. "सर, खरं म्हणजे ते नाव…"

"नाव जुनंच आहे गं. आपली माणसं विसरली. आणि ती ओवी! अगं, आमची आजी जात्यावर बसली की हीच ओवी म्हणायची. मी झोळीत असताना ऐकलीय."

"हीच?"

"शब्द न शब्द!"

संपदानं फोन खाली ठेवला. झोळीतल्या मुलाला शब्द न शब्द आठवतो म्हटल्यावर दुसऱ्यानं काय बोलावं? संध्याकाळपर्यंत पुण्याहून एकानं कळवलं, की लाजरा बगळा त्याच्याकडे दर हिवाळ्यात असतो, फक्त फोटो नाही. दुसऱ्यानं सांगितलं, की नर लाजतो, मादी लाजत नाही. तिसऱ्याचं त्यावरून चौथ्याशी भांडण झालं. बुधवारी छाया मॅडमचा निरोप आला: 'मुख्याध्यापिका फार खूश आहेत. येत्या रविवारी सगळे पक्षिमित्र तो बगळा बघायला जमणारच आहेत, तर मीही पुन्हा येते. त्याच दिवशी सहलींचं पक्कं करून टाकू.'

संपदानं निरोप यशोधनला दाखवला. तो वाचून त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"काय झालं?"

"काही नाही," यशोधन घाईनं म्हणाला. आवाज आता फाटक्या सनईइतका परतला होता. "मला वाटलं होतं, दोन दिवसांत विसरतील लोक."

"का विसरतील? एवढा दुर्मीळ पक्षी. तू तर जवळून पाहिलायस."

यशोधन गुळण्या करायला गेला आणि बराच वेळ करत राहिला.

*

रविवारी अंबूबाईच्या बांधावर जत्रा भरली. तोफांसारख्या लांब भिंगांचे कॅमेरे तिवईवर चढले. हिरव्या टोप्या, खिशांखिशांची जाकिटं आणि सगळ्यांचे आवाज देवळात असल्यासारखे बारीक. अंबूबाई मात्र देवळात नव्हती.

"ओ टोपीवाले! मेथीत पाय नका घालू! पाखरू बघायला आले का मळणी करायला?"

बगळा होता. त्याच बिटाच्या वाफ्यात, चारपाच साध्या पांढऱ्या बगळ्यांच्या सोबतीनं किडे टिपत होता. पण तो आठवड्यात फिकट झाला होता. धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा.

"ऊन वाढलं की लाजरा फिका पडतो," दिवाकर सरांनी सांगितलं. भोवतालच्या टोप्या डोलल्या.

"सर, मला वाटतं ही मादी असावी," एक जाकीट म्हणालं.

"मादी लाजत नाही, ठरलंय ना आपलं!" दुसरं जाकीट तडकलं.

संपदा पुढे उभी होती.  यशोधन आज मागे उभा राहिला होता आणि पोह्यांचा डबा त्याच्या हातात होता. छाया मॅडम समोर होत्या. आज खोटं पचलं तर शाळा मिळणार होती आणि पुढे चालणंही मिळणार होतं. पण मग प्रत्येक वर्षी हा बगळा कुठून आणायचा?

तेवढ्यात विहिरीकडून मोटार घुरघुरली.

"अंबूबाई!" दिवाकर सर दबक्या आवाजात ओरडले. "आत्ता पाणी नको! पक्षी उडेल!"

"लाईट आली!" अंबूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पाखरू उद्या बी येईल, लाईट नाय येणार!"

स्प्रिंकलरनं एक उचकी दिली, दुसरी दिली आणि पाण्याचा पंखा बिटावर गरगर फिरू लागला. उडतोय कसला तो बगळा! उलट जाऊन धारेखालीच उभा राहिला. पंख पसरले, मान घुसळली, पिसं फुलवली. सासरी नाहायला न मिळालेली पोर माहेरच्या न्हाणीत रमावी, तसा रमला. आणि त्याच्या पोटावरून एक गुलाबी ओघळ निघाला. मग दुसरा. बिटाची हिरवी पानं गुलाबी झाली आणि बगळा पांढरा.

कॅमेऱ्यांची किचकिच थांबली. स्प्रिंकलरचा फटफटाटच तेवढा ऐकू येत राहिला.

"मावशी," सृष्टी खणखणीत आवाजात म्हणाली, "लाज गेली का त्याची?"

कुणीतरी खोकलं. दिवाकर सर दुर्बिणीची काच पुसू लागले.

"सर," एका जाकिटानं हळूच विचारलं, "तुमच्या आजींची ओवी…"

"आजीची नजर अधू होती शेवटी," सर म्हणाले आणि काच आणखी जोरात पुसू लागले.

सृष्टीनं संपदाचा हात धरून हलवला. "मग हा कोणता पक्षी आहे?"

संपदानं एकदा नदीकडे पाहिलं. "गायबगळा आहे," ती म्हणाली. "अगदी साधा. रोज दिसतो तो. लाजरा बगळा असा कुठला पक्षी नाहीच. मला ओळखता आला नाही, म्हणून मी नाव बनवलं. ओवी पण मीच बनवली."

"पण मग गुलाबी कशानं झाला?"

"माहीत नाही," संपदा म्हणाली.

शब्द तोंडून निसटले आणि आकाश कोसळलं नाही. उलट सृष्टी दोन पावलं पुढे सरकली. "रंगाच्या डब्यात पडला असेल?" तिनं विचारलं. "बीट!" अंबूबाई ठामपणे म्हणाली. कुणाला वाटलं फुगेवाल्या पोरांचं काम. कुणी म्हणालं, मग डोकं कोरडं कसं? म्हणजे बुडालाय, मानेपर्यंत बुडालाय. कशात? एवढा खोल रंग असतो कुठे? मघाशी कुजबुजणारी माणसं आता डोक्याला डोकं लावून तावातावानं विचार करू लागली. आठवडाभर सगळ्यांना सगळं माहीत होतं. खरं कुतूहल आज पहिल्यांदा बांधावर आलं.

"रहाडीत," मागून फाटक्या सनईचा आवाज आला.

सगळे वळले. यशोधननं पोह्यांचा डबा खाली ठेवला.

"रंगपंचमीला पोरांनी फटाका लावला. घाटावरून बिचकून उडाला आणि आमच्या रहाडीत पडला. गर्दीत कुणाला कळलं नाही. मी बुडी मारून काढला, उपरण्यात गुंडाळला आणि नदीवर नेला. थंड पाण्यात उभा राहून तासन्‌तास धूत बसलो. डोकं तेवढं निघालं, बाकी निघेना. वर चोच मारत होता. शेवटी सोडून दिला. गेला गोदेच्या पाण्याबरोबर खाली खाली. इकडे येईल असं कुठे ठाऊक होतं!"

संपदा त्याच्याकडे बघत राहिली. नदीवर. अगदी जवळून. थरथरत होता. चोच जोरात मारतो. अक्षर न अक्षर खरं होतं! खोटं त्या घरात एकच माणूस बोललं होतं आणि ते सोफ्यावर बसलेलं नव्हतं. तिनं मनातल्या मनात धरणावरच्या त्या स्वर्गीय नर्तकालाही त्याची शेपटी परत देऊन टाकली.

"मग त्याच दिवशी सांगितलं का नाहीस?" तिनं विचारलं.

"तू घरात आलीस ती अशी फुलून आलीस," यशोधन म्हणाला, "आणि तू त्याचं बारसं करून आली होतीस. बारशाच्या घरात जाऊन पोराचं नाव पुसतं का कुणी?"

 संपदानं धीर करून छाया मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, शाळेचं… मी समजू शकते."

"शाळेचं काय, पक्कं आहे," छाया मॅडम म्हणाल्या. "सकाळपासून सृष्टीनं एकदाही मोबाईल मागितला नाही. पण मुलांबरोबर तुम्ही यायचं. बनवलेलं नाव चालेल, फक्त शेवटी सांगून टाकायचं."

इतक्यात स्प्रिंकलरचा पाण्याचा पंखा वळला. वाफ्यातले सगळे बगळे एकदम उडाले, आभाळात एक पांढरी माळ झाली, नदीवर वळसा घालून ती तुटली आणि मणी इकडेतिकडे विखरून बसले. काही वरच्या अंगाला, गाईंच्या पायांशी. काही खालच्या अंगाला, उसाच्या कडेला. सगळे सारखे. सगळे पांढरेशुभ्र.

"आता आपला कोणता?" सृष्टीनं विचारलं.

"तो!" संपदा म्हणाली आणि जराही न चाचरता तिनं गाईंकडे बोट दाखवलं.

"तो!" त्याच क्षणी यशोधन म्हणाला आणि त्यानं उसाकडे बोट दाखवलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच बोट खाली घेतलं नाही.

पाहुणे क्षणभर घुटमळले. मग टोप्या, जाकिटं, तिवया सगळं हललं आणि बांधावरून दोन वाटांना दोन रांगा लागल्या. ज्या गायबगळ्याकडे नाशकात कुणी जन्मात मान वळवून पाहत नाही, त्यातल्या एकेकाला निरखायला माणसं पाय न वाजवता, श्वास धरून निघाली. उसाकडची रांग लहान होती. गाईंकडची चांगली लांब होती. तिच्या पुढे संपदा होती, सृष्टी होती आणि शेवटी, मेथी चुकवत चुकवत, दुर्बीण चष्म्याला लावून दिवाकर सर चालले होते.